बाबा रात्री चार-चारदा उठतात

प्रश्न : आम्ही रामबागेत राहतो, सासरे ७१ वर्षांचे. रात्री चार-चारदा लघवीला उठतात, दिवसा काही त्रास नाही. बीपीची गोळी आहे, पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी रात्री जेवणानंतर घेतात, संध्याकाळी पाय सुजतात. शेजारचे म्हणतात प्रोस्टेट आहे, ऑपरेशन करून टाका. बाबांनी तर दुपारपासून पाणीच सोडलंय. – एक सून, इंदूर

उत्तर : ताई, आधी त्यांचं पाणी सुरू करा, हार्टसाठी डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर. पाणी तोडलं की लघवी गडद होते, बद्धकोष्ठता होते, उन्हाळ्यात चक्करही येते. कमी करायचं ते फक्त झोपायच्या आधीचे दोन-तीन तास, रात्रीचा चहा मात्र बंदच.

प्रोस्टेट असेलही, या वयात वाढतंच, धार बारीक असेल, जोर लावावा लागत असेल तर सोनोग्राफी करून घ्या. पण मला तुमच्या पत्रातली पायाची सूज जास्त महत्त्वाची वाटते. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झालं की परत रक्तात येतं आणि किडनी ते रात्रभर बाहेर काढत बसते. संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबून धरा, खळगा राहतो का बघा. अॅम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या गोळीनेही पाय सुजतात, हार्ट, किडनीमुळेही सुजतात, म्हणून दाखवायलाच हवं. पाण्याची गोळी रात्री का, हेही विचारा, ती बहुतेकदा सकाळी किंवा दुपारी देतात, पण वेळ स्वतःहून बदलू नका. दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडू दे त्यांना. आणि मीठ! आपल्याकडे पोह्यांवर शेव, भाजीत शेव, मिठानेसुद्धा रात्रीची लघवी वाढते.

तीन दिवस मापाचा मग आणि वही ठेवा, प्रत्येक वेळी किती एमएल झाली ते लिहा. रात्रीची सगळी अधिक सकाळी उठल्याबरोबरची, ही चोवीस तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली तर लघवी बनतेच रात्री जास्त, मग नुसत्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनने ती कमी होणार नाही. दर वेळी थोडी-थोडीच होत असेल तर मूत्राशय, प्रोस्टेटकडे बघावं लागेल. ते जोरात घोरतात का, मध्येच श्वास अडकतो का? झोपेतल्या त्या त्रासानेही रात्री लघवी वाढते, लोक हे डॉक्टरांना सांगतच नाहीत. शुगर, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), लघवीची तपासणी करून वहीसकट जा.

रक्त दिसलं, थंडी-ताप आला, लघवी अडकली किंवा दम लागायला लागला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत आजच नाइट लॅम्प लावा, या वयात अंधारात पडून खुबा मोडतो ताई.