दिवसभर दुकानात उभा असतो, तर रोज किती कॅलरी धरायच्या?

तुम्ही लिहिलंय की वय 34, उंची 168 सेंटिमीटर, वजन 72 किलो, निपाणीत कापड दुकानात काम. एक ॲप रोजच्या 1,926 कॅलरी दाखवतंय, दुसरं 2,488. वजन आहे तेवढंच ठेवायचंय, तर कुठलं खरं?

मी तुमचा हिशोब मांडून बघितला. दोन्ही ॲपचं सूत्र एकच आहे, 1990 सालचं मिफ्लिन-सेंट जिओर. वजन गुणिले 10, अधिक उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5, अधिक 5 (बाई असेल तर शेवटी अधिक 5 ऐवजी वजा 161). तुमचे होतात 1,605. नुसतं पडून राहिलात तरी एवढं जळतंय. पुढं त्याला कामाप्रमाणे गुणायचं : बैठं 1.2, हलकं 1.375, मध्यम 1.55. एका ॲपमध्ये तुम्ही 'बैठं' निवडलंत, दुसऱ्यात 'मध्यम'. एक पायरी चुकली की 281 कॅलरींचा फरक पडतो.

आणि पायरी चुकतेच. मी बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. शेड ते ऑफिस फेऱ्या मारून पाय दुखतात म्हणून मी 'मध्यम' धरलं होतं. तीन महिन्यांत अडीच किलो चढल्यावर फोनमधली पावलं बघितली, तर रोजची पाच हजारही भरेनात. दमणं वेगळं आणि जळणं वेगळं, हे तेव्हा कळलं. उभं राहून तागे काढणं, घड्या घालणं हे बैठ्यापेक्षा थोडं जास्त, एवढंच.

आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020च्या तक्त्यात 65 किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी 2,110 आणि मध्यम कामासाठी 2,710 दिलेत. 'हलकं' असा मधला खानाच नाही. मिफ्लिनचं सूत्रही अमेरिकेतल्या माणसांवरून काढलेलं. तुमचा हलक्या कामाचा आकडा 2,207 येतो, पण मी सुरुवात 2,100 पासून केली असती.

खरी गडबड मात्र ताटात असते. भाकरी सगळे मोजतात. साठ ग्रॅम जोंधळ्याच्या पिठाची एक धरा 200ची (पीठच तोला, भाकरीत पाणी असतं). तेल कोण मोजत नाही. फोडणीचा चमचा घेऊन बायकोच्या मागं उभं राहू नका, मार खाल! घरात महिन्याला तेल किती येतं ते बघा. पाच लिटरचा डबा चार माणसांत महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज 38 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ 340 कॅलरी. शेंगा चटणी त्यात धरलेली नाही. शिवाय तुमच्या दुकानात गिऱ्हाईक बसलं की चहा येणार, आणि सोबत तुम्हीही घेणार. दोन चमचे साखरेचे पाच कप झाले तर नुसत्या साखरेच्याच 200.

आता चार आठवडे 2,100 वर राहा आणि वजन करत जा. सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. रोजचा आकडा बघून घाबरू नका, आठवड्याची सरासरी काढा. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याची सरासरी ताडून बघा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. त्या दोन सरासऱ्यांत तीन आठवड्यांचं अंतर असतं, म्हणून अर्धा किलो वाढलं असेल तर रोज सुमारे 180 जादा जातायत, तेवढ्या कमी करा. अर्धा किलो उतरलं तर तेवढ्याच वाढवा. तुमचा आकडा तोच, ॲप काही का म्हणेना.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि सोमवारी सकाळी काटा किलोभर वर दिसला तर रविवारचा तांबडा रस्सा आठवा. मिठानं अंगात पाणी धरलेलं असतं, बुधवारपर्यंत उतरतं.