घसरणारा जिना आणि चादरीतली भुतं : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई, लहानपणी एक मुका पिक्चर बघितलेला, हिरो जिना चढायला लागला की जिन्याची घसरगुंडी व्हायची, घरभर चादरीतली भुतं, आणि हिरो एकदाही हसत नाही. नाव सांगाल का? - एक वाचक, सांगली

उत्तर : न हसणारा म्हणालात तिथेच कळलं, बस्टर कीटन. पिक्चरचं नाव ‘द हॉन्टेड हाउस’, १९२१ चा, दोन रिळांचा, म्हणजे वीसेक मिनिटांत खेळ खल्लास. डायरेक्शन कीटन आणि एडी क्लाइन दोघांचं. कीटन यात बँकेतला क्लार्क, आणि त्याच बँकेतला एक धिप्पाड माणूस (जो रॉबर्ट्स, कीटनच्या बऱ्याच पिक्चरमधला ठरलेला व्हिलन) खोट्या नोटावाल्या टोळीत. टोळीचा अड्डा एका जुन्या घरात, लोकांनी तिकडे फिरकू नये म्हणून यांनीच तिथे भुतं सोडलीत, आणि तो जिना पण त्यांचीच करामत, पायऱ्या झटकन कलंडतात आणि सपाट उतार तयार. तिकडे गावात एक नाटक कंपनी ‘फाउस्ट’ (सैतानाला आत्मा विकणाऱ्या माणसाची गोष्ट) इतकं भिकार करते की पब्लिक अंगावर धावून येतं आणि ही मंडळी मेकअप-ड्रेससकट पळत सुटतात ती नेमकी याच घरात, त्यात सैतानाच्या वेषातला पण एकजण. मग काय, कोण टोळीतलं, कोण नाटकातलं, कसलाच पत्ता नाही.

मला मात्र यात भुतांपेक्षा बँकेतला डिंकाचा सीन जास्त आवडतो. कीटनच्या हाताला डिंक लागतो, नोटा हाताला चिकटतात, गिऱ्हाइकांना चिकटतात, एक सोडवायला जावं तर दुसरी लागते, शेवटी गरम पाणी आणावं लागतं, आणि त्याच गोंधळात दरोडा पडतो आणि आळ येतो याच्यावर. भुतांच्या भागात जिन्याचा जोक जरा जास्तच वेळा येतो, हे खरं. पण गंमत अशी की कीटन फार वेळ घाबरतच नाही. रोजच्या रस्त्यातला खड्डा अंगवळणी पडतो ना, तसं त्याला त्या घराचं होतं, शेवटी तर तो मधे उभा राहून भुतांना ट्रॅफिक हवालदारासारखे हात दाखवतो. त्याच्या जोकला भीती लागत नाही, वस्तू कशी चालते आणि कशी बिघडते हे लागतं. दोन सांगाडे सुटे हातपाय जोडून एक अख्खा माणूस उभा करतात आणि तो चालायला लागतो, तो तुकडा पण बघा परत.

प्रश्न : शेवटी तो स्वर्गात जातो तो याच पिक्चरमध्ये का? आणि एवढं पडून लागत नसेल का त्याला? - एक वाचक, ठाणे

उत्तर : हो, यातच. डोक्यात फटका बसून बेशुद्ध पडतो आणि स्वप्नात लांबच लांब जिना चढत स्वर्गाच्या दारापर्यंत जातो, तिथे आत घेत नाहीत, आणि तो जिना पण घसरगुंडी होऊन साहेब थेट नरकात. जिना इतक्या वेळा का दाखवला ते इथे वसूल होतं.

लागायचं हो. आईवडिलांबरोबर लहानपणापासून स्टेजवर आदळआपट केलेली, त्यामुळे पडावं कसं हे अंगात होतं, तरीपण १९२१ मध्येच ‘द इलेक्ट्रिक हाउस’ या त्याच्या दुसऱ्या पिक्चरच्या शूटिंगला सरकत्या जिन्यात बूट अडकून घोटा मोडला. ते काम तिथेच सोडलं आणि १९२२ मध्ये नव्याने केलं. जिन्यांशी त्याचं काय वाकडं होतं कोण जाणे.

प्रश्न : या पिक्चरमधे सगळे एवढे फास्ट का चालतात? - एक वाचक, बडोदा

उत्तर : तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला सोळा, अठरा, वीस फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं), ज्याचा जसा हात. बोलपट आल्यावर चोवीसचा स्पीड ठरला, आणि जुनी रिळं त्या स्पीडने लावली की माणसं पळतातच. कॉमेडीवाले मुद्दाम पण हँडल हळू फिरवायचे, तो भाग वेगळा.

प्रश्न : असाच चष्मेवाल्या हिरोचा भुताच्या घराचा पिक्चर आहे ना? नातवंडांना दोन्ही दाखवू का? - एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, तो हॅरॉल्ड लॉइडचा ‘हॉन्टेड स्पूक्स’, १९२० चा. मुलीला आजोबांची इस्टेट हवी तर नवऱ्यासोबत त्या घरात राहायचं ही अट, म्हणून घाईघाईत नवरा शोधतात, आणि काकाला इस्टेट पाहिजे म्हणून तो भुतं नाचवतो. हा पिक्चर अर्धा झालेला असताना, ऑगस्ट १९१९ मध्ये, फोटो काढताना खोटा समजून हातात धरलेला बॉम्ब खरा निघाला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. बरा होऊन परत आला, राहिलेलं शूटिंग केलं, आणि पुढे पिक्चरमधे कायम खोटी बोटं बसवलेला हातमोजा घालून काम केलं.

पण दाखवायचा तर आधी एकट्याने बघा. सुरुवातीला प्रेमभंग झालेला हिरो जीव द्यायला निघतो त्यावर जोक आहेत, आणि काळ्या नोकरांना थरथर कापणारे भित्रे दाखवून हशा मिळवलाय, तेव्हा सर्रास चालायचं ते, पण आज बघताना खटकतं, मला तरी हसू येत नाही. मोठ्या नातवंडांना सोबत बसून समजावता येईल. लहानग्यांना कीटनचाच लावा, नेटवर फुकट मिळतो, अमेरिकेत कॉपीराइट कधीच संपलाय. फक्त अंधुक कॉपी खूप फिरतात, नोटांचा डिंक नीट दिसेल अशी बघून घ्या.