इंग्रजी यंग अ‍ॅडल्ट फॅन्टसीत (म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या जादूच्या कादंबऱ्यांत) प्रेम आलं की लगेच रक्त, वंश, खानदान का काढतात?

तुम्ही म्हणताय की तीन-चार कादंबऱ्या वाचल्या आणि सगळीकडे तेच, मुलीला मुलगा आवडला रे आवडला की तिची पणजी कोण होती ते उकरायला सुरुवात, सरळ लव्हस्टोरी का लिहीत नाहीत.

मी मुरुडची. आमच्याकडे रस्त्यात पोर दिसलं की म्हातारी माणसं नाव नाही विचारत, "कोनाची गं तू?" विचारतात. लहानपणी बापाचं नाव सांगितलं की भागतं, पण लग्नाचं वय झालं की तोच प्रश्न परत येतो आणि तेव्हा गाव, कूळ, देवक, आजोळ सगळं लागतं. माझं लग्न जातीबाहेरचं, दोघांच्या मर्जीने, तरी सासूबाईंनी माझ्या आजीचं माहेर विचारलंच आणि मला ते माहीत नव्हतं, आईला फोन करून विचारावं लागलं. म्हणजे वंश एरवी माळ्यावर पडलेला असतो, प्रेमात पडलं की लोक शिडी लावतात. या लेखिकांनी हेच पकडलंय असं मला वाटतं.

आता पुस्तकं, पुढे स्पॉयलर आहेत, नको असतील तर हा आणि पुढचा पॅरा सोडा. ट्रेसी डिऑनचं 'लेजंडबॉर्न' (२०२०) घ्या. ब्री ही काळी अमेरिकन मुलगी, आई नुकतीच गेलेली, नॉर्थ कॅरोलिनातल्या युनिव्हर्सिटीत येते, तिथे ब्रिटनच्या दंतकथांतल्या राजा आर्थरच्या सरदारांच्या वंशजांची गुप्त मंडळी, बहुतेक गोरी. तिला आवडतो तो निक, ज्याला सगळे आर्थरचा वारस धरून चाललेत. आणि शेवटी कळतं की वारस तो नाहीच, ती आहे! नुसतं एवढंच असतं तर मी पुस्तक मिटलं असतं, कारण "नायिका गुपचूप राजघराण्यातली निघाली" हा आपल्या जुन्या सिनेमांचा फॉर्म्युला झाला. पण ते रक्त तिच्यात आलं कसं, तर गोऱ्या मालकाने तिच्या गुलाम पूर्वज बाईवर केलेल्या बलात्कारातून. आणि हे काही लेखिकेच्या डोक्यातून आलेलं नाही, व्हर्जिनियात १६६२ चा कायदाच होता की मूल गुलाम की मोकळं हे आईवरून ठरणार, म्हणजे मालकाची मुलं मालकाचीच मालमत्ता, बापाचं नाव गायब. याच व्हर्जिनियाचा काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर बंदी घालणारा कायदा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये मोडला. तेव्हा ब्रीने निकचा हात धरला की मधे हे सगळं उभं राहणारच, ते वगळून लिहिलं तर ते खोटं वाटेल.

टोमी अडेयेमीचं 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' (२०१८) इथे मला थोडं घसरलेलं वाटतं. झेलीच्या आईला राजाच्या हुकमावरून मारलंय आणि ती प्रेमात पडते राजाच्याच मुलाच्या, त्याच्या अंगातही तिच्या लोकांसारखीच, राजाने बंदी घातलेली जादू निघते वगैरे. कल्पना जबरदस्त, पण प्रेम फार पटकन होतं, आईचं रक्त वाळायच्या आत म्हणा ना. माझी भाची यावर माझ्याशी दोन दिवस भांडली, तिला तो मुलगा आवडतो.

आणि एक प्रकार मला अजिबात पटत नाही, तो म्हणजे सगळी पात्रं गोरीच पण "आम्ही वंशभेदावर लिहितोय" म्हणून एक निम्मी परी आणि एक निम्मा माणूस. परीला कोणी भाड्याने खोली नाकारत नाही हो.

आपल्याकडे याचा मसाला किती आहे बघा. बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, सांगतात की अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात पुरुष सात बायका वाचल्या, मग तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली, आडनावं पण पेणकर, किहीमकर, अगदी आपलीच. चित्पावनांच्या कथेतही किनाऱ्याला लागलेली चौदाच प्रेतं, परशुरामाने जिवंत केलेली. आणि माझ्या घरापासून जवळच जंजिरा, तिथले सिद्दी नवाब मूळचे आफ्रिकेतले, संस्थान १९४८ पर्यंत होतं. भाचीला म्हटलं तूच लिही ना, समुद्रातून आलेल्या चौदांपैकी एकीची पणती घे नायिका. ती म्हणाली हिरो कोण? म्हटलं जंजिऱ्याचा सिद्दी. दोन मिनिटं गप्प बसली, मग हळूच विचारते, "मावशी, घरी चालेल का? म्हणजे, गोष्टीतल्या घरी."