बाजार पडल्यावर एसआयपी बंद करण्याआधी

भावा, पोर्टफोलिओ लाल दिसला की पहिला हात एसआयपीवर, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा जाणाऱ्या ठरलेल्या हप्त्यावर जातो. थांब, आधी हिशेब बघ. हप्ता ५,००० चा असेल तर ५० च्या एनएव्हीला (फंडाच्या एका युनिटचा भाव) १०० युनिट मिळतात, ४० ला १२५. हे जादा २५ युनिटच पुढं कामाला येतात आणि नेमके तेच आपण सोडून देतो.

निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) जानेवारी २०२० मध्ये १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला आणि नोव्हेंबरात पुन्हा जुन्या पातळीवर आला. दरवेळी इतकं झटपट होत नाही. २००८ नंतर जवळपास तीन वर्षं लागली. म्हणून पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा इथं नकोच.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. उसाचं बिल येतं हंगामात, हप्ता जातो दरमहा. खात्यात शिल्लक नसली की मॅंडेट (बँकेला दिलेली हप्ता कापायची परवानगी) बाउन्स, वर बँकेचा दंड आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती रद्दच. त्यापेक्षा बिल जमा झालं की रक्कम लिक्विड फंडात (कमी मुदतीच्या कर्जरोख्यांचा, कमी जोखमीचा फंड) टाक आणि तिथून दरमहा एसटीपी लाव, म्हणजे ठरलेली रक्कम आपोआप शेअरच्या फंडात जाईल. सहा महिन्यांचा घरखर्च मात्र वेगळा ठेव. तो नसला की दवाखान्याच्या बिलासाठी ऐन तळाला युनिट विकावे लागतात. बहुतेकांची शिस्त तिथंच मोडते.

हा हिशेब एकेकट्या शेअरला लावू नकोस. कंपनीचं कर्ज वाढतंय, प्रवर्तकांचे (कंपनीच्या मुख्य मालकांचे) शेअर गहाण पडलेत, अशा वेळी पडत्या भावात आणखी शेअर घेऊन सरासरी करत बसणं म्हणजे बुडत्यात आणखी पैसे घालणं.