आतल्या मांडीची सुरुवात उशीपासून करा

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा चढ चढून आल्यावर मांड्या आतून दुखतात म्हणालात, आणि त्यासाठी जिमचं मशीन धरायचं म्हणताय. ते महिनाभर राहू द्या.

पाय शरीराच्या मध्याकडे ओढणारे मुख्य स्नायू पाच. ते जांघेजवळच्या हाडापासून निघतात. चार मांडीच्या हाडावर संपतात, पाचवा ग्रॅसिलिस मात्र गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाला जाऊन चिकटतो. म्हणून कधीकधी ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणवतो, आणि लोक उगाच गुडघ्यालाच तेल चोळत बसतात. नावं पाठ करू नका.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, मध्ये जाडसर उशी. गुडघ्यांनी उशी 5 सेकंद दाबा, सोडा. असं 10 वेळा, मग पुन्हा 10 वेळा. आठवड्यातून 3 दिवस पुरे.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:
- श्वास कोंडतात. दाबताना सोडायचा.
- कंबर उचलतात. मग काम पाठ करते, मांडी नाही.
- उशी झटक्यात सोडतात. सावकाश सोडताना स्नायू लांबत लांबत काम करतो, अर्धा व्यायाम तर तिथेच आहे.
- अंग गरम नसताना पाय फाकवून ताणतात. आधी ठाण्याच्या तलावपाळीला, तलावाच्या काठाने, 10 मिनिटं झपझप चाला.

दुसऱ्या दिवशी मांडी ठणकली तर चालेल. जांघेत सुरी फिरल्यासारखी कळ आली, तर तिथेच थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

हात शरीराकडे ओढणारे स्नायू छाती-पाठीचे; ते पुढच्या वेळी.