ओशकोशला स्वतः विमान घेऊन जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकागोजवळ राहता, प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळून तीनच महिने झालेत, जुन्या विमानांचं वेड आहे, तर जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ओशकोशला, विमानांच्या मोठ्या मेळाव्याला, क्लबचं छोटं विमान, म्हणजे सेसना, घेऊन स्वतः जावं का?

यंदा जरूर जा, पण गाडीने. नाहीतर आधी जाऊन आलेल्या पायलटच्या शेजारी बसून. स्वतः विमान पुढच्या वर्षी न्या.

कारण सांगते. त्या एका आठवड्यात ओशकोश आणि आसपासच्या विमानतळांवर दहा हजारांच्या घरात विमानं येतात. रिपन गावापासून रेल्वेच्या रुळांवरून एकामागोमाग एक जायचं: उंची १,८०० फूट, वेग ९० नॉट, पुढच्या विमानापासून अर्धा मैल अंतर. पुढे फिस्क गावी जमिनीवर उभे असलेले कंट्रोलर रंग आणि बनावट बघून हाक मारतात, 'निळं-पांढरं सेसना, पंख हलवा.' आपण रेडिओवर बोलायचं नाही, फक्त पंख हलवायचे. मग टॉवर धावपट्टीवरचा एक रंगीत ठिपका सांगतो आणि चाकं तिथेच टेकवायची, कारण त्याच धावपट्टीवर पुढे-मागे इतरही उतरत असतात.

मी पहिल्यांदा गेले ती उजव्या सीटवर बसून. बाहेर बघत राहणं एवढंच माझं काम होतं. फिस्क यायच्या आधीच पुढचं विमान हळू झालं, अंतर मिटत चाललं. नागमोडी वळणं घेऊन वेळ काढायची तिथे मुभा नाही, म्हणून आम्ही रांग सोडली आणि पुन्हा रिपनपासून सुरुवात केली. हे सगळं डोकं शांत ठेवून करायला हात बसलेला लागतो. दरवर्षी निघणारी ओशकोशच्या उड्डाणनियमांची सूचना (जुने पायलट तिला नोटॅम म्हणतात) पाठ करा, ९० नॉटला उंची न सोडता उडायचा आणि ठरल्या जागी उतरायचा सराव करा, तासाभराचं जादा इंधन ठेवा.

तोवर छोटे फ्लाय-इन, म्हणजे विमान घेऊन जायचे मेळावे, करा. उन्हाळाभर छोट्या विमानतळांवर शनिवार-रविवारी पॅनकेकचा नाश्ता असतो. उतरा, खा, चार लोकांशी बोला, परत या. शिकायला याहून चांगली जागा नाही. ओशकोशच्या आधी विस्कॉन्सिनमध्येच ब्रॉडहेडला गवताच्या धावपट्टीवर पीटनपोल विमानं जमतात. फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवून उडवता येईल असं हे विमान, लोक आजही घरी बांधतात. पायपर कब हे दोन सीटचं जुनं छोटं विमानच आवडत असेल तर जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनचा मेळावा गाठा. कबचा कारखाना तिथलाच.

ओशकोशला मात्र लढाऊ विमानांच्या गर्दीतून बाहेर पडून दक्षिणेकडच्या व्हिंटेजच्या, म्हणजे जुन्या विमानांच्या, रांगांकडे जा. तिथे १९७० सालापर्यंतची विमानं धरतात, म्हणजे तुमच्या क्लबची सेसना १९६८ची असेल तर तीही व्हिंटेज! मी तिथे एका जे-३ कबपाशी अर्धा दिवस घालवला. काचेच्या पुढे टाकीचं झाकण, त्यातून वर आलेली एक तार. तारेच्या खालच्या टोकाला बूच, ते पेट्रोलवर तरंगतं. पेट्रोल संपत आलं की तार खाली खाली जाते. इंधनाचा काटा तो एवढाच. मालकिणीने झाकण काढून ते बूच माझ्या हातात दिलं. एकटीने उडवायचं तर मागच्या सीटवर बसावं लागतं, हेही तिनेच सांगितलं आणि मला मागे बसवलं. उभ्या विमानाचं नाक वर असल्यामुळे समोरचं काहीच दिसेना, खिडकीतून बाजूचं गवत तेवढं दिसलं.

व्हिंटेजकडे सकाळी सातच्या आत पोचा. एअर शोच्या वेळी कोणाला बोलायला फुरसत नसते. सकाळी मालक पंखाखालच्या तंबूतून बाहेर आलेले असतात, जुन्या टॉवेलने कापडी पंखांवरचं दव पुसत असतात. दुसरा टॉवेल मागून घ्या आणि पुसू लागा. मग हवं ते विचारा.