नोकरीची हमी देणाऱ्या इन्स्टिट्यूटची फी भरण्याआधी

आपण विचारले आहे की, बारावी वाणिज्य शाखेतून झाल्यावर कॉम्प्युटर सपोर्टच्या नोकरीत शिरण्यासाठी ८५,००० रुपयांत ए प्लस, नेटवर्क प्लस (दोन्ही कॉम्प्टिया या संस्थेची प्रमाणपत्रे) आणि सीसीएनए (सिस्को कंपनीचे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र) एकत्र शिकवणाऱ्या, शिवाय नोकरीची हमी देणाऱ्या खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये नाव घालावे का, आणि नाही तर पहिले प्रमाणपत्र कोणते घ्यावे. पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: नाव घालू नका. दुसऱ्या भागाकडे मी येईनच, पण त्याआधी एक हकिगत सांगणे मला भाग आहे, कारण अशाच हमीवर विश्वास ठेवून आमच्या घराने एकदा पैसे भरले होते, आणि ते वर्ष कोणते होते हे कळल्यावर गोव्याच्या खाणपट्ट्यातील माणसाला पुढचे समजावून सांगावे लागणार नाही.

मी त्याच पट्ट्यातल्या डिचोली तालुक्यातली. २०१२ मध्ये बारावी झाले तेव्हा बाबांचा एक ट्रक खाणीच्या कामावर चालत होता आणि त्याचे कर्ज फिटायचे होते. मला आयटीआयला संगणकाच्या ट्रेडसाठी अर्ज करायचा होता. फॉर्मही आणून ठेवला होता. फोंड्याचे मामा घरी आले आणि त्यांनी तो फॉर्म बाजूला सारला. आयटीआय म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्या मुलांनी लेथ शिकायची जागा, असे त्यांचे ठाम मत होते, आणि मुलीने स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरू नये हे त्याच्या पोटातले दुसरे मत होते. त्यांनीच एका खाजगी इन्स्टिट्यूटची चौकशी केली: एक वर्षाचा हार्डवेअर व नेटवर्किंगचा कोर्स, शेवटी सीसीएनए, फी ५२,००० रुपये, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता बाबांनी जुलैमध्ये भरला. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला, आणि ट्रक दारात उभा राहिला. दुसरा हप्ता मामांनी स्वतःच्या पैशांतून भरला. ते उपकार मी विसरलेले नाही. मात्र त्यानंतर त्या कोर्सविषयी घरात वावगा शब्द काढणे कोणालाच शक्य राहिले नाही.

त्या बॅचमध्ये आम्ही २३ जण होतो आणि उघडून पाहण्यासाठी संगणक तीन. शिक्षक कॅबिनेट उघडून हा प्रोसेसर, ही रॅम, हा एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, असे बोटाने दाखवत आणि आम्ही वहीत आकृती काढत असू. राउटर एकच होता आणि तो कपाटात असे. एप्रिलनंतर एवढीही प्रात्यक्षिके थांबली, कारण सिस्कोची ६४०-८०२ ही त्या वेळची सीसीएनए परीक्षा ३० सप्टेंबर २०१३ नंतर बंद होणार होती आणि त्याआधी सगळी बॅच त्यातून पार पाडायची घाई इन्स्टिट्यूटला झाली होती. परीक्षेची फी कोर्सच्या फीत धरलेली नाही, हे तेव्हा प्रथम कळले. आम्हाला खऱ्या परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नोत्तरांची पीडीएफ देण्यात आली. या धंद्यात तिला डम्प म्हणतात. मी ती पाठ केली आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. डम्प वापरल्याचे आढळले तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या परीक्षेबद्दल मला आजही वाईट वाटते.

नोव्हेंबरमध्ये वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे आले. समोरच्या गृहस्थांनी प्रमाणपत्र पाहून परत केले आणि टेबलावर हातभर केबल, तिच्या टोकाला लावायचा आरजे-४५ कनेक्टर व तो दाबून बसवायचा क्रिम्पर ठेवला. रंगांचा क्रम मला तोंडपाठ होता: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पण आठ तारा सरळ करून, एका रेषेत कापून, न हलवता कनेक्टरमध्ये सरकवायच्या तर तो क्रम बोटांत असावा लागतो. वरचे आवरण मी इतके सोलले की ते कनेक्टरच्या पकडीत आलेच नाही, आणि टेस्टरवर तिसरा व सहावा दिवा लागला नाही. त्यांनी न रागावता दुसरा कनेक्टर दिला. तोही वाया गेला. मग त्यांनी विचारले, ‘पॅकिंग विभागातले चार संगणक नेटवर्कवर येत नाहीत आणि चौघांचाही पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. तुम्ही आधी कुठे जाल?’ मी सांगितले की, पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सापडला नाही म्हणजे विंडोज तसा पत्ता स्वतःच घेते. ते म्हणाले, ‘बरोबर आहे. पण तुम्ही आधी जाल कुठे?’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

त्याचे उत्तर साधे आहे. चौघांना एकाच वेळी तोच त्रास आहे, म्हणजे दोष चार संगणकांत असण्याचा संभव फार कमी. ते चौघे जिथे एकत्र येतात त्या स्विचपाशी, म्हणजे केबली जोडणाऱ्या नेटवर्कच्या पेटीपाशी, जायचे, त्याला वीज आहे का आणि वरच्या स्विचकडे जाणाऱ्या केबलचा दिवा लागतो आहे का ते पाहायचे, आणि तिथे सारे ठीक असेल तरच सर्व्हरकडे वळून वाटायचे पत्ते संपले आहेत का ते तपासायचे. हे मला म्हापशाच्या एका दुरुस्तीच्या दुकानात, पहिल्या दोन महिन्यांत कळले. तिथे मी दीड वर्ष फार थोड्या पगारावर काम केले आणि माझे खरे शिक्षण तिथेच झाले. पावसाळ्यात आणि किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर कीट धरते आणि खोडरबराने त्या पुसल्या की मेलेला वाटणारा संगणक उठून बसतो. वीज चमकून गेल्यावर टेलिफोनच्या तारेतून आलेला झटका आधी मोडेम व मग लॅनचा पोर्ट जाळतो. गिगाबिटला, म्हणजे १,००० एमबीपीएसच्या वेगाला, केबलच्या चारही जोड्या लागतात, म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर नेट बंद पडत नाही, नुसते १०० एमबीपीएसवर उतरते आणि गिऱ्हाईक ‘नेट मंद आहे’ एवढेच सांगते. मालकांचा एकच कडक नियम होता: आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्यायचा, मगच यंत्राला हात लावायचा. एका शिकवणीच्या बाईंचे सहा वर्षांचे कागद ज्या डिस्कवर होते, ती फॉरमॅट करायला आम्हाला सांगितले गेले होते. तो नियम नसता तर ते सारे माझ्या हातून गेले असते.

आज मी सासष्टीच्या किनाऱ्यावरील एका हॉटेलचा आयटी विभाग सांभाळते. आमचे काम म्हणजे स्वागतकक्षाचे संगणक, खोल्यांची कार्डे, स्वयंपाकघरातील ऑर्डरचे थर्मल प्रिंटर आणि पाहुण्यांचे वायफाय. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला ऑनलाइन पाठवावी लागते, त्यामुळे डिसेंबरच्या गर्दीत नेट गेले तर ‘उद्या पाहू’ म्हणता येत नाही. माणसे घेताना मीही आता टेबलावर केबल ठेवते. शिवाय विचारते की, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, समोरच्या संगणकावर विंडोज ११ बसत नाही, तर काय पाहाल? विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, बंद असू शकते, हे चार प्रमाणपत्रे लावून आलेल्या मुलाला सांगता आले नाही आणि आयटीआय करून एका कार्यालयात वर्षभर अ‍ॅप्रेंटिस राहिलेल्या मुलीने खुर्चीवर बसण्याआधीच तिथली सेटिंग उघडली. मी तिला घेतले.

आता आपल्या निवडीविषयी. पहिले प्रमाणपत्र घ्यायचे तर ते कॉम्प्टियाचे ए प्लस घ्या, कारण सपोर्टच्या रोजच्या कामाला तेच सर्वांत जवळचे आहे. त्याचे दोन पेपर आहेत. सध्याचे क्रमांक २२०-१२०१ आणि २२०-१२०२, मार्च २०२५ पासूनचे. प्रत्येक पेपर ९० मिनिटांचा, जास्तीत जास्त ९० प्रश्नांचा. ९०० च्या मापावर पहिल्यात ६७५ आणि दुसऱ्यात ७०० गुण लागतात, आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. इन्स्टिट्यूटवाले जुन्या ११०१-११०२ ची पुस्तके पुढे करू लागले तर तिथून निघा, कारण ती परीक्षा सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली आहे. पाटीवर अजून ‘एमसीएसई’ लिहिलेले असेल तरीही निघा. मायक्रोसॉफ्टने ती प्रमाणपत्रे ३१ जानेवारी २०२१ ला बंद केली. सीसीएनएचा आताचा क्रमांक २००-३०१, तो फेब्रुवारी २०२० पासून आहे, आणि ही परीक्षा नेटवर्कचे काम प्रत्यक्ष हातात आल्यावर द्यायची आहे. बारावीनंतर लगेच ती देणे म्हणजे माझी चूक पुन्हा करणे होय. कोर्सेरावर गूगलचा आयटी सपोर्टचा अभ्यासक्रम २०१८ पासून आहे. तो शिकण्यासाठी चांगला आहे, थोडे लिनक्सही शिकवतो, पण कोणी समोर बसून घेतलेली परीक्षा त्यात नसल्यामुळे मुलाखतीत त्याचे वजन ए प्लसएवढे मी धरत नाही.

माझा सल्ला असा की, ८५,००० रुपये बाजूला ठेवा आणि सरकारी आयटीआयमधला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा ट्रेड करा, त्यानंतर अ‍ॅप्रेंटिसशिप घ्या. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना अ‍ॅप्रेंटिस घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि वेर्णे, कुंडई येथे अशा कंपन्या पुष्कळ आहेत. दरम्यान एक जुना संगणक विकत घेऊन तो पन्नास वेळा उघडा आणि जोडा. ए प्लसची पुस्तके घरी वाचा आणि अ‍ॅप्रेंटिसशिपमध्ये असतानाच पेपर द्या. कॉम्प्टिया स्वतःही परीक्षेआधी साधारण वर्षभराचा हाताचा अनुभव असावा असे सुचवते.

दोन गोष्टी मात्र मला मान्य केल्या पाहिजेत. कोपा या ट्रेडमध्ये ऑफिसचे सॉफ्टवेअर आणि वेबचे काम जास्त असते, हार्डवेअर बेताचेच, त्यामुळे उघडण्या-जोडण्याचा सराव आपल्यालाच करावा लागेल. आणि सगळ्या खाजगी इन्स्टिट्यूट वाईट नसतात. फी भरण्याआधी एक पूर्ण दिवस प्रात्यक्षिकाला बसू द्या म्हणावे, एका संगणकामागे किती मुले ते मोजावे, परीक्षेची फी आत धरली आहे का आणि हमी म्हणजे नोकरी की नुसती मुलाखत हे कागदावर लिहून मागावे. हे सारे जिथे विनातक्रार मिळेल तिथे शिकायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. चवथीला सगळे एकत्र जमलो की मामा अजून सांगतात की, त्या प्रमाणपत्रामुळेच मी उभी राहिले. बरीच वर्षे मी मनातल्या मनात ते खोडत आले, पण वेर्ण्याचे बोलावणे मला त्या कागदामुळेच आले होते आणि ती मुलाखत झाली नसती तर आपल्याला काय येत नाही हे मला कळायला आणखी वर्ष लागले असते. एवढे मामांचे बरोबर आहे. त्यांचा नातू यंदा बारावीला आहे आणि गेल्या महिन्यात त्यांनी त्याच्यासाठी अशाच एका इन्स्टिट्यूटचे माहितीपत्रक आणले. मी त्यांना सांगितले आहे की, त्याने आधी आयटीआय आणि अ‍ॅप्रेंटिसशिप करावी, मग ए प्लसच्या दोन्ही पेपरांची फी मी भरीन, जसा माझ्या वेळी त्यांनी दुसरा हप्ता भरला होता. मामांनी अजून होकार दिलेला नाही, पण या वेळी फॉर्म त्यांनी बाजूला सारलेला नाही.